दर आठ मिनिटांनी

नकाशा मी काढला.
निळ्या पेनाने तीन रेघा, लाल पेनाने एक,
आणि खोडरबराने सतरा.

साहेब म्हणाले होते, मगदूम, गाड्या तेवढ्याच,
डिझेल तेवढंच, ड्रायव्हर तर दोन कमीच.
त्यातच बसवायचं.
मग गल्लीबोळांतनं हिंडणाऱ्या,
कोपऱ्याकोपऱ्यावर वळसा घेणाऱ्या,
दीड तासाने एकदा खोकत येणाऱ्या गाड्या
मी उचलल्या आणि सरळ रस्त्यावर ठेवल्या.
कसबा बावडा ते मिरजकर तिकटी, पुढं संभाजीनगर.
गंगावेश, बिंदू चौक, दसरा चौक, कावळा नाका.
रंकाळा स्टँड ते विद्यापीठ, मधे राजारामपुरी.
सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत
दर आठ मिनिटांनी एक.

पहिल्या आठवड्यात लोक सवयीनं पळत होते.
दुसऱ्या आठवड्यात मिरजकर तिकटीला
एक पोरगी पळता पळता थांबली,
पाठीवरची सॅक सारखी केली,
मैत्रिणीला म्हणाली, जाऊ दे गं, मागनं हायच की.

मागनं हायच की.
सव्वीस वर्षं नोकरी झाली,
आमच्या गाडीबद्दल असं कुणी बोललेलं
मी ऐकलं नव्हतं.
कंट्रोलर शिकलगार दिवसभर केबिनमध्ये रिकामा.
खिडकीत तोंड घालून
'किती वाजता हाय?' विचारायला कुणी येईना.
शेवटी त्यानंच केबिनबाहेर खुर्ची टाकली
आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला स्वतःहून वेळ सांगू लागला.

सुलाबाई घोलप तिसऱ्या आठवड्यात आल्या.
सी.पी.आर.मध्ये रात्रपाळीच्या आया.
पिशवीत डबा, डबा धुतलेला.
'नकाशा तुम्हीच काढलाय न्हवं?'
मी फाईल पुढं ओढली, उत्तर तयार होतं.
'सातशे चाळीस पावलं हाईत,' म्हणाल्या,
'टाकीमागच्या गल्लीतनं मोठ्या रस्त्यापतूर.
आधी गाडी दारात यायची.'

मी म्हटलं, पण मावशी, आता दर आठ मिनिटांनी...
'व्हय की. गाडी चांगली हाय.
गाडीला मी नावं ठेवत न्हाई.
पण आधीची चुकली की दीड तास
स्टॉपच्या पायरीवर बसून ऱ्हायचे.
रात्रभर उभी असते मी, साहेब.
ती तेवढीच बसायला मिळायची.
आता कुणी बसूच देत न्हाई. आली, चढा. आली, चढा.'
जरा थांबून,
'मधे कुठंतरी टेकायला करा कायतरी.
तीनशे सत्तराव्या पावलाला.'

बाकडं आमच्या खात्यात येत नाही.
तसं मी सांगितलं. त्या गेल्या.

रविवारी मी ती गल्ली चाललो.
माझी सहाशे बारा भरली.
पुन्हा उलटा चाललो, सहाशे नऊ.
नकाशाच्या कोपऱ्यात मी स्केल लिहितो,
एक सेंटीमीटर म्हणजे अमुक इतके मीटर.
कुणाचे पाय, ते लिहायला जागाच नसते.

वर्कशॉपच्या मागं भंगारातल्या गाड्या उभ्या आहेत,
चाकांतनं एरंड उगवलेला.
फिटर बाबूलालला म्हटलं, एक सीट काढ.
कशाला, ते त्यानं विचारलं नाही,
फक्त बोल्टांवर रॉकेल ओतलं आणि वाट बघत बसला.
दोघांची सीट, रेक्झीन फाटलेलं,
मागं पांढऱ्या अक्षरांत 'स्त्रियांसाठी'.
रजिस्टरला नोंद नाही. कुणी विचारलं तर
मी नाही म्हणणार नाही.

परवा त्या बाजूला गेलो होतो.
सीटच्या पायाला कुणाची तरी म्हैस बांधलेली,
रवंथ करत, रस्त्याकडं पाठ करून.
शेजारी सुलाबाई, चपला काढून,
डोळे मिटलेले.
मोठ्या रस्त्यावरनं एक गाडी गेली.
थोड्या वेळानं दुसरी.
डोळे न उघडता त्या जरा सरकल्या.
'बसा की,' म्हणाल्या, 'जागा हाय.'